खडकवस्तीची त्रेचाळीस घरं

निवृत्तीनंतर दिनकरराव मुंबईचं बिऱ्हाड आवरून परभणीला परत आले, तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांना वाटलं होतं की हा माणूस इथं चार महिनेही काढणार नाही. सतरा वर्षं राज्य सरकारच्या नोकरीत गेलेली, त्यातली शेवटची सहा अर्थसल्लागार म्हणून. मोठमोठ्यांच्या भाषणांतले आकडे त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नसत. असा माणूस परभणीत बसून करणार काय? पण दिनकररावांना करमायला अडचण आली नाही. ते मूळचे पेडगावचे, शेतकऱ्याघरचे. सरकारात जाण्याआधी चौदा वर्षं त्यांनी परभणीतल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव तिथंच रमायचा. जिंतूरच्या एका कॉलेजानं एम.ए.च्या वर्गाला आठवड्यातून दोन दिवस याल का म्हणून विचारलं, तर त्यांनी दुसऱ्याच मंगळवारी एसटी धरली.

वर्गात सोळा मुलंमुली होती. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, सकाळी घरचं काम उरकून येणारी. पुस्तकातली व्याख्या विचारली की घडाघडा म्हणायची, पण तिचा आपल्या गावाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. म्हणून दिनकररावांनी त्यांना एक काम दिलं. आपल्या गावाबद्दल सरकारी कागदावर असलेला कुठलाही एक आकडा घ्यायचा, आणि गावात स्वतः हिंडून तो खरा की खोटा ते बघायचं. दिवाळीची सुट्टी त्यासाठीच दिली आहे असं समजा, म्हणाले.

सुट्टीनंतर मुलांनी आपापले कागद आणले. एका मुलानं वृक्षलागवडीचा आकडा घेतला होता, एकीनं हातपंपांचा. वर्गात हसू चाललं होतं, कारण कागदावरची झाडं गावात कुणालाच सापडली नव्हती. मग चंदा उठली. ही मुलगी एरवी फारशी बोलायची नाही. तिचं घर बोरीपासून दोन कोसांवरच्या खडकवस्तीत. तिथं सगळी मेंढपाळांची घरं. शिक्षणासाठी ती लहानपणापासून जिंतूरला मामाकडं राहिलेली.

तेरा वर्षांपूर्वी राज्यभर ग्रामीण कुटुंबांची पाहणी झाली होती, तिच्या यादीत खडकवस्तीची अकरा घरं दाखवली आहेत, असं तिनं सांगितलं. तिनं दिवाळीत मोजली ती त्रेचाळीस भरली. ही सगळी मागाहून वाढलेली घरं नव्हेत, हेही तिनं आजीशेजारी बसून एकेका घराची चौकशी करून ठरवलं होतं. पाहणीच्या वर्षीही वस्तीत एकोणचाळीस घरं होती.

"मग अठ्ठावीस घरं गेली कुठं?" दिनकररावांनी विचारलं.

चंदानं त्याचंही उत्तर शोधून आणलं होतं. पाहणी करणाऱ्यांसाठी निघालेली पुस्तिका तिला मोबाईलवर सापडली होती. तिच्यातला नववा नियम तिनं वाचून दाखवला. "सलग दोन भेटींत घर बंद आढळल्यास ते कुटुंब गावात राहत नाही असे समजून यादीतून वगळावे." वाचून झाल्यावर ती म्हणाली, पाहणी पौष-माघात झाली, आणि दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात ती मृगाच्या तोंडावर परत येतात. त्या दिवसांत कुणी दोनदा काय, दहादा आलं तरी घरं बंदच दिसणार.

नवव्या नियमाचं ते वाक्य दिनकररावांचं होतं. त्यातला 'सलग' हा शब्दसुद्धा त्यांनी विचार करून घातलेला होता.

मुंबईतली ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती. पाहणीच्या आधी दोन तालुक्यांत चाचणी घेतली होती, आणि लक्षात आलं होतं की काही ठिकाणी माणसं चहाच्या टपरीवर बसून अर्ज भरतात, नसलेली घरं दाखवतात. या खोट्या घरांना आळा घालायचा होता. दिनकररावांनी पंधरा-वीस मिनिटांत ते वाक्य लिहून काढलं. बैठकीत ते वाचलं गेलं, तेव्हा वरिष्ठांनी मान डोलावली होती. इतकं साधं आणि पक्कं वाक्य सरकारी कागदात क्वचित दिसतं, असं कुणीतरी म्हणालंही होतं. त्या पाहणीच्या यादीवर पुढं कितीतरी योजना ठरल्या. पंचवीसहून जास्त घरांच्या वस्तीला अंगणवाडी आणि नळाचं पाणी, हाही निकष त्यातलाच.

वर्गात आता चर्चा रंगली होती. नियम करणारा कसा माणूस असेल यावर मुलं आपापलं मत देत होती. कुणी म्हणालं, मुंबईचा साहेब असणार, त्याला मेंढरू कशाशी खातात ते ठाऊक नसेल. चंदा तेवढी म्हणाली, "मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला आमी दिसलोच नसू."

दिनकररावांनी काम चांगलं झाल्याचं सांगितलं, हजेरी घेतली आणि तास संपवला. वाक्य कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढं दोन महिने गेले तरी सांगितलं नाही. मंगळवार-शुक्रवार जायचे, शिकवायचे, यायचे. घरी त्यांनी बायकोला, कुसुमबाईंना, मात्र सांगून टाकलं होतं. एके दिवशी तुरीच्या शेंगा सोलता सोलता कुसुमबाईंनी विषय काढला. "सांगितलं का त्या पोरीला?"

काय सांगू, दिनकरराव म्हणाले. त्या वेळी जे योग्य वाटलं ते लिहिलं. खोटी घरं थांबली, ते कुणी का बघत नाही. हजारो वस्त्यांची यादी त्या नियमामुळंच नीट झाली.

कुसुमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पेडगावला आपल्या वावरात दरसाल मेंढरं बसायची. मी लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात सासूबाईंनी मला त्या बायांसाठी भाकरी थापायला बसवलं होतं. लिहिताना तुम्हाला ती माणसं आठवली नाहीत का?"

मेंढरांचं खत मिळावं म्हणून दिनकररावांचे वडील दर हिवाळ्यात मेंढपाळांना वावरात बसवून घ्यायचे. लहानपणी दिनकरराव त्या बिऱ्हाडांमागं दिवसभर हिंडायचे, कोकरं उचलून घ्यायचे. चंदा म्हणाली होती, त्याला आमी दिसलोच नसू. तसं नव्हतं. त्यांना दिसलेली होती माणसं, चांगली ओळखीची होती. पण मुंबईच्या त्या खोलीत वाक्य लिहिताना त्यांच्यापुढं फक्त टपरीवर बसून अर्ज भरणारा लबाड माणूस होता, आणि त्याच्याआड बाकी सगळं झाकलं गेलं होतं.

जानेवारीच्या शेवटी ते चंदाबरोबर खडकवस्तीला गेले. बोरीला एसटीतून उतरून पुढं ऑटो केला, शेवटचा तुकडा पायी. वस्ती जवळजवळ रिकामी होती. दारांना कुलपं नव्हती. बाभळीच्या काटेरी फांद्या दारांशी आडव्या लावून ठेवल्या होत्या, कुत्रं-मांजर आत शिरू नये एवढ्यासाठी. मागं राहिलेल्यांत सगळी म्हातारी माणसं. चंदाची आजी अंबाबाई ओसरीवर बसली होती. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, चहा टाकायला लावला.

पाहणीचा माणूस तिला आठवत होता. बरा होता, म्हणाली, बोलायला गोड. आठ दिवसांच्या अंतरानं दोनदा आला. दोन्ही वेळा वस्तीभर फिरला, दारं बघितली.

"मी म्हनलं त्याला, समदे मेंढरामागं गेल्यात, मिरगाला येतेत. तो म्हनला, आजी, खरं हाय तुमचं, पन मला तसं लिहायला जागाच न्हाई."

दिनकररावांच्या हातातला चहा निवून गेला. तो माणूस लबाड नव्हता. त्यानं नियम अक्षरशः पाळला होता. टपरीवर बसून मनानं अर्ज भरला असता, तर कदाचित ही घरं यादीत आली असती.

मग अंबाबाईनं पाण्याची गोष्ट काढली. यादीत घरं कमी म्हणून नळ आला नाही. पाणी आणायचं एका वावरातल्या विहिरीवरून, जाऊन-येऊन तास मोडतो. सून मेंढरांमागं, आपले गुडघे धरलेले, तेव्हा पाण्याचं काम थोरल्या नातीवर, भक्तीवर पडलं. पाचवी झाली आणि तिची शाळा सुटली. "तिचं डोकं हिच्यापेक्षा तेज हाय," चंदाकडं बोट करून म्हातारी म्हणाली. चंदानं मान हलवली. ते तिलाही माहीत होतं.

परत आल्यावर दिनकररावांनी मुंबईला जायचं ठरवलं. राजेश्री ही त्यांची परभणीतली जुनी विद्यार्थिनी, पुढं त्यांच्याच हाताखाली सरकारात लागलेली. आता पुढच्या पाहणीचं सगळं काम तिच्याकडं होतं. ते तिच्या कार्यालयात गेले तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि नवीन पुस्तिकेचा मसुदा पुढं ठेवला. नववा नियम जसाच्या तसा होता.

"सर, हे वाक्य तुमचं आहे, मला माहीत आहे. म्हणूनच मी त्याला हात लावला नाही."

दिनकररावांना ते ऐकून जास्तच लाज वाटली. त्यांनी सगळी हकीकत सांगितली. राजेश्री म्हणाली, एका वस्तीवरून नियम बदलता येणार नाही, वरती कुणी मानणार नाही. निदान आठ-दहा वस्त्यांची मोजणी हवी, आणि मार्चअखेर हातात हवी, कारण नंतर पुस्तिका छापायला जाईल. एवढं बोलून तिनं अगदी जुन्या सवयीनं विचारलं, "जमेल ना, सर?"

वर्गातली बारा मुलं मोजणीला तयार झाली. अडचण एकच होती. माणसं मोजायची, पण ती आहेत कुठं? कुणाचं बिऱ्हाड हिंगोलीकडं, कुणाचं वाशिमच्या पुढं, कुणाचं जिल्ह्यातच पण आज या शिवारात तर परवा दुसऱ्या. चंदा म्हणाली, भक्तीला विचारू.

भक्ती तेव्हा पेडगावच्या शिवारात होती. तूर काढून मोकळ्या झालेल्या वावरात तिच्या नवऱ्याची, खडकवस्तीतल्याच बजरंगची, मेंढरं बसली होती. जाळीच्या कुंपणात कोकरं, बाजूला बिऱ्हाड, आणि तीन वर्षांची पोरगी मातीत खेळत होती. चंदानं बहिणीला काम समजावलं. भक्तीनं कामं करता करताच बोलायला सुरुवात केली. चंदाला लिहून घेताना धाप लागली. खडकवस्तीचीच नव्हे, तर शेजारच्या आठ वस्त्यांची बिऱ्हाडं तिला पाठ होती. कोण कुठल्या वाटेनं गेलं, कुणासोबत किती माणसं, कुणाची म्हातारी यंदा मागं राहिली, कुणाला बाळ झालं. मध्येच ती थांबायची, बोटांची पेरं मोजायची आणि आधीचं एखादं नाव दुरुस्त करायची. दिनकररावांनी आयुष्यभर पाहण्या केल्या होत्या. इतकी नेटकी माहिती त्यांना आजवर कुठल्या कार्यालयात मिळाली नव्हती.

चंदा नावं पुन्हा तपासायला झाडाखाली जाऊन बसली. भक्ती कोकरांना पाणी दाखवत होती. तिनं वळून विचारलं, "सर, तुमी एवढं ऊन अंगावर घेऊन कशाला मोजायलात? सरकारनं धाडलंय का?"

दिनकरराव तिच्यापाशी गेले. "नाही. तेरा वर्षांपूर्वी तुमची घरं ज्या नियमामुळं गळाली, तो नियम मी लिहिला होता."

भक्ती पाणी दाखवत राहिली. मग तिनं विचारलं, "एकट्यानं?"

"हो, एकट्यानं."

"दाखवला न्हाई कुनाला?"

"दाखवला. सगळ्यांना पटला."

"आमाला न्हाई दाखवला."

"नाही," दिनकरराव म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना. एक कोकरू भांड्यात पाय घालत होतं, त्याला तिनं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चंदाला सांगितलं?"

"अजून नाही."

"तिला आधी सांगायला पायजे होतं. मला राग येऊन काय व्हायचंय, मला मेंढरं हाकायचेत. तिला तुमच्यापाशी शिकायचंय."

पुढच्या शुक्रवारी दिनकररावांनी वर्गात सांगितलं. कारणं दिली नाहीत. नियम कुठं बसून लिहिला, किती वेळात लिहिला, आणि पेडगावच्या वावरातली मेंढरं माहीत असूनही लिहिला, एवढं सांगितलं. मुंबईच्या साहेबाबद्दल जी मुलं बोलली होती, त्यांनी खाली बघितलं. चंदानं वही मिटली, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. पुढचे दोन आठवडे ती आली नाही. मोजणी चालूच होती. बाकीची मुलं दुचाकीवरून वस्त्या आणि शिवारं पालथी घालत होती. दिनकरराव जमेल तिथं त्यांच्यासोबत जायचे, आणि रोज वाटायचं, आज चंदाचा फोन येईल.

तिसऱ्या मंगळवारी ती आली ती तास संपल्यावर. वाशिमच्या बाजूची नऊ बिऱ्हाडं तिनं एकटीनं एसटीनं जाऊन मोजली होती. तिनं ते कागद टेबलावर ठेवले. "मला राग आहे, सर. अजून आहे. पण मोजणी अर्धी राहू नये म्हणून गेले."

राग असू दे, दिनकरराव म्हणाले. तिला समजावण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. दोघांनी बसून कागद लावले. जाताना तिनं विचारलं की अहवालात नियम कुणी लिहिला ते येणार का. येणार, त्यांनी सांगितलं.

अहवाल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईला गेला. नऊ वस्त्या, यादीतली घरं एकशे सोळा, प्रत्यक्षातली तीनशे बेचाळीस. चूक कशी झाली त्याचा परिच्छेद दिनकररावांनी स्वतःच्या नावानिशी लिहिला होता. तो मात्र छापताना वगळला गेला. एकट्या माणसाचा असा उल्लेख करायची पद्धत नाही, असं वरून कळवलं गेलं. त्यासाठी ते राजेश्रीशी फोनवर बरंच भांडले, पण तिचा इलाज नव्हता. नियम बदलला. बंद घराची माहिती आता शेजाऱ्यांकडून घ्यायची होती, आणि मृगानंतर तिसरी भेट द्यायची होती. चरायला गेलेलं बिऱ्हाड जिथं भेटेल तिथं मोजून त्याच्या गावी लिहायचं होतं. दिनकररावांनी आणखी एक सुचवलं होतं, की मेंढपाळांमधूनच मोजणारे घ्यावेत. ते नाकारलं गेलं, कारण मोजणारा दहावी पास असायला हवा होता.

हे ऐकून चंदा म्हणाली, मग भक्तीला दहावी करू. तिनं जून उजाडताच बहिणीचा बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, आणि गणित शिकवायचं काम सरळ दिनकररावांवर टाकलं. विचारलंही नाही, सांगितलं. पावसाळ्याचे चार महिने बिऱ्हाड वस्तीवर असायचं, तेव्हा दिनकरराव रविवारी खडकवस्तीला जायचे. दिवाळीनंतर शिकवणी फोनवर चालली. भक्तीचं गणित विचित्र होतं. उदाहरण ऐकलं की ती उत्तर सांगून मोकळी व्हायची आणि उत्तर बरोबर असायचं, पण पायऱ्या लिहायचा तिला कंटाळा. "उत्तर आलंय न्हवं, मग मधलं कशाला लिवायचं?" ती विचारायची. मधलं लिहिलं नाही तर तपासणाऱ्याला कळत नाही, दिनकरराव सांगायचे, आणि आपल्या नियमानं मधलं लिहायला जागाच ठेवली नव्हती हे आठवून प्रत्येक वेळी स्वतःशीच थोडे ओशाळायचे.

त्या वर्षी नवी पाहणी झाली. खडकवस्तीची त्रेचाळीस घरं यादीत आली. पुढच्या जूनमध्ये वस्तीवर पत्र्याच्या खोलीत अंगणवाडी सुरू झाली. भक्तीचा निकाल त्याच्या आधीच लागला होता. ती पास झाली, इंग्रजीत काठावर, गणितात मात्र चांगले गुण. चंदाचं एम.ए. संपलं होतं आणि ती पुण्याला पुढच्या अभ्यासासाठी गेली होती. दिनकररावांना ती अधूनमधून फोन करायची, कामाचं बोलायची. एकदा मात्र कामाशिवाय केला होता, कुसुमबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला.

निकालानंतर दिनकरराव पेढे घेऊन खडकवस्तीला गेले. अंबाबाईनं त्यांना ओसरीवर बसवून घेतलं. भक्ती पोरीला अंगणवाडीतून घेऊन आली आणि उभ्या उभ्याच तिनं विचारलं, "सर, पुढची पाहणी कधी हाय?"

आठ-दहा वर्षांनी, दिनकरराव म्हणाले. मागचा अनुभव बघता तेरा-चौदासुद्धा लागतील.

भक्तीनं मनातल्या मनात हिशेब केला. "तवर बी.ए. व्हईल माझं," ती म्हणाली.

पेढा तिनं पोरीच्या हातावर ठेवला. मग पोरीला आजीपाशी बसवून तिनं घागर उचलली आणि ती विहिरीच्या वाटेला लागली. नळाचं काम मंजूर झालं होतं, पण पाणी अजून वस्तीवर आलेलं नव्हतं.